लिमिट काय घ्यायचं, सर?

नोव्हेंबर संपत आला की हार्बर लाइनच्या लोकलमध्ये एक ठरावीक चेहरा दिसायला लागतो. सॅक पोटावर घेतलेली, तिच्यावर सॉल्व्ह्ड पेपरांची झेरॉक्स, डोळे छताच्या पंख्यावर आणि ओठ पुटपुटताहेत. समोरच्या काकूंना वाटतं, पोरगं रामरक्षा म्हणतंय, किती संस्कारी! पोरगं म्हणत असतं, ‘वन अपॉन पाय, झीरो टु इन्फिनिटी, मायनस इन्फिनिटी टु इन्फिनिटी...’ जुईनगर जातं, नेरूळ जातं, सीवूड्स जातं, तरी त्याची इन्फिनिटी संपत नाही.

हा एम-थ्रीचा विद्यार्थी. ज्यांचा इंजिनिअरिंगशी संबंध आला नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो, मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या गणिताचे पेपर एम-वन, एम-टू असे क्रमानं येतात, आणि त्यातला तिसरा राहिला की ‘एम-थ्रीला केटी लागली’ असं घरात हळू आवाजात आणि शेजारी मोठ्या आवाजात सांगितलं जातं. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही, त्यामुळे केटीलाही नाही, त्यामुळे मलाही नाही. मी नेरूळला घराच्या हॉलमध्ये एम-थ्रीची बॅच घेतो. टीव्हीच्या जागी फळा आला, टीव्ही आतल्या खोलीत गेला. बायको तिथे आवाज बंद करून मालिका बघते. तिचं म्हणणं, कथानक जास्त स्पष्ट कळतं.

इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न ‘याचा उपयोग काय?’ हा नाही. तो पालक विचारतात. मुलांचा प्रश्न एकच, ‘सर, लिमिट काय घ्यायचं?’

लाप्लासबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. लाप्लास म्हणजे भला माणूस. त्याचं इंटिग्रल कायम शून्य ते इन्फिनिटी. सकाळी करा, संध्याकाळी करा, बदल नाही. फूरिए सिरीजपर्यंतही गाडी बरी चालते, कारण शून्य ते टू पाय किंवा मायनस पाय ते पाय असं काहीतरी प्रश्नातच छापलेलं असतं. घोळ सुरू होतो तो फूरिए इंटिग्रलला. तिथे फॉर्म्युल्यात एक लिमिट असतं, सोडवलेल्या गणितात दुसरंच, आणि मधली पायरी ‘क्लिअरली’ या एका शब्दात उरकलेली असते.

‘सर, फॉर्म्युल्यात मायनस इन्फिनिटी ते इन्फिनिटी आहे.’

‘हो.’

‘पुस्तकात मायनस वन ते वन घेतलंय.’

‘बरोबर.’

‘म्हणजे पुस्तक चुकलंय?’

पुस्तक कुंभोजकरांचं असतं. कुंभोजकर चुकले असं म्हणण्याची पद्धत या विद्यापीठात नाही, त्यामुळे मुलगा लगेच आवाज उतरवून म्हणतो, ‘की फॉर्म्युला चुकलाय?’ फूरिएला वाली कुणी नसतो.

गणित तसं साधं असतं. एक फंक्शन दिलेलं आहे. उणे एक आणि एक यांच्या मधे त्याची किंमत एक, बाकी सगळीकडे शून्य. आलेख काढा, आडव्या रेषेवर एक चौकोन उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काहीच नाही. आता या फंक्शनला कोसाइननं गुणून उणे अनंतापासून अनंतापर्यंत बेरीज करायची. जिथे फंक्शन शून्य आहे तिथे गुणाकारही शून्य. शून्याला अनंत किलोमीटर फिरवून आणलं तरी घरी शून्यच परत येतं. मग कशाला फिरवायचं? चौकोनाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जा, काम झालं. उणे एक ते एक. इन्फिनिटी गेली नाही, तिची गरज संपली.

घणसोलीहून येणारी एक मुलगी यावर म्हणाली, ‘मग सर, आधी इन्फिनिटी लिहितात कशाला?’ प्रश्न चोख होता. मी सांगितलं की फॉर्म्युला छापताना कोण येणार हे माहीत नसतं, म्हणून दार सताड उघडं ठेवतात. येणारं फंक्शन आपापल्या आकाराप्रमाणे आत येतं. तिनं वहीत लिहिलं, ‘इन्फिनिटी – फॉर्मॅलिटी’. मी खोडायला सांगितलं नाही.

पण सगळ्यांचं असं पटकन होत नाही. काही मुलांचा इन्फिनिटीवर जीव असतो. फॉर्म्युल्यात आहे म्हणजे आहे, आम्ही कोण काढणारे, असा त्यांचा बाणा. मग ते आतली एक ही किंमत घेतात, बाहेरची इन्फिनिटी ठेवतात, कोसाइनचा इंटिग्रल साइन येतो आणि शेवटी ‘साइन इन्फिनिटी’ अंगावर येतं. इथे माणसामाणसातला फरक दिसतो. कुणी साइन इन्फिनिटी बरोबर शून्य लिहितो. कुणी एक लिहितो, कारण साइन फार तर एकच होणार. एकानं बाजूला चौकट करून लिहिलं होतं, ‘नॉट डिफाइन्ड, देअरफोर निग्लेक्ट’. माझ्या मते तो पुढे प्रशासनात जाईल.

इ टु द पॉवर मायनस एक्स या फंक्शनची तर डावी बाजूच वाईट. उजवीकडे ते सभ्य असतं, एक्स दहापर्यंत गेला की जवळजवळ दिसेनासं होतं. डावीकडे वळलं की उणे दहाला 22,026 आणि उणे वीसला 48,51,65,195. म्हणून प्रश्न काढणारे दोनपैकी एक खबरदारी घेतात. एक तर सांगतात की शून्याच्या डावीकडे फंक्शन शून्य धरा. मग लिमिट शून्यापासून. नाही तर एक्सच्या दोन्ही बाजूंना मॉड्युलसच्या दोन काठ्या उभ्या करतात. मग डावी बाजूही उजवीसारखीच सभ्य होते, शून्यापाशी दोन तुकडे पडतात, आणि दोन्ही सारखेच म्हणून एकाची दुप्पट करता येते. मुलांना यातलं फक्त ‘दुप्पट’ लक्षात राहतं. काठ्या पाहिल्या की दुप्पट, नाही पाहिल्या तरी दुप्पट. एका उत्तरपत्रिकेत काठ्या नव्हत्या, डावी बाजू शून्य आहे हेही वाचलं नव्हतं, इंटिग्रल उणे अनंतापासून सुरू झालं होतं, आणि जिथे अनंत मोठी किंमत यायला हवी तिथे मुलानं शांतपणे ‘बरोबर शून्य’ लिहून पुढचं गणित अचूक सोडवलं होतं. उत्तर बरोबर आलं होतं. अशा वेळी तपासणाऱ्यानं काय करावं हे कुठल्याही नियमावलीत दिलेलं नाही.

मग सम आणि विषम फंक्शनांचा गोंधळ. फूरिए सिरीजमध्ये शून्य ते टू पाय या पट्ट्यात एक्स हे फंक्शन दिलं, की मुलं उत्साहानं सांगतात, ‘सर, ऑड आहे, कोसाइनची टर्म झीरो!’ अरे, ऑड आहे की इव्हन हे बघायला शून्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी लागतं ना? शून्य ते टू पायमध्ये डावी बाजू आहे कुठे? मायनस पाय ते पाय घेतलं तर ते ऑड, शून्य ते टू पाय घेतलं तर नाही; दोन्हीकडे लांबी टू पायच, सूत्र तेच, पण सिरीज वेगवेगळ्या. कारण तो पट्टा पुन्हा पुन्हा शेजारी मांडत गेलं की दोन वेगळी फंक्शनं तयार होतात. हे मी तीन रंगांच्या खडूंनी काढून दाखवतो. त्यातला जांभळा खडू मुलांना फार आवडतो, एवढं मात्र जाणवलंय.

या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट मला विलक्षण न्यायाची वाटते. लाइब्निट्सनं 1675 साली इंटिग्रलची ती उंच, वाकडी खूण काढली तेव्हा तिच्या डोक्यावर आणि पायाशी काहीच नव्हतं. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं लोक कुठून कुठपर्यंत ते शब्दांत सांगत, नाही तर बाजूला लिहीत. खुणेच्या खाली एक आणि वर एक अशी लिमिटं लिहिण्याची आजची पद्धत ज्यानं पाडली, तो माणूस म्हणजे खुद्द जोसेफ फूरिए. उष्णतेवरच्या 1822 सालच्या त्याच्या ग्रंथातून ती सगळीकडे गेली. म्हणजे ज्या प्रकरणात लिमिट चुकतात ते प्रकरणही त्याचंच आणि लिमिट लिहायची जागाही त्यानंच करून ठेवलेली.

फूरिए शिंप्याचा मुलगा. 1768 साली फ्रान्समधल्या ओसेर गावी जन्मला, 1798 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला, परत आल्यावर ग्रनोबलला प्रिफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारीच म्हणा, झाला. हे काम सांभाळून त्यानं 1807 साली उष्णता कशी पसरते यावर निबंध सादर केला. तपासणाऱ्यांत लाग्रांज होता, त्याला काही तो पटेना. पुढे त्याच विषयावर बक्षीस ठेवलं गेलं. 1811 मध्ये फूरिएनं सुधारलेला निबंध पाठवला, बक्षीस मिळालं, पण मांडणीत काटेकोरपणा कमी आहे असा शेराही मिळाला आणि निबंध तेव्हा छापला गेला नाही. उत्तर बरोबर, स्टेपचे मार्क कापले! हे सांगितल्यावर बॅचमध्ये फूरिएबद्दल पहिल्यांदाच आपुलकी निर्माण होते. उतारवयात तो कोंडलेल्या गरम खोलीत गरम कपडे गुंडाळून बसायचा असंही सांगतात. मे महिन्यात नेरूळला आला असता तर कपड्यांचा खर्च वाचला असता.

तुकड्यातुकड्यांचं फंक्शन शिकवायला मात्र मला फ्रान्सला जावं लागत नाही. मी फळ्यावर एक आडवी रेघ मारतो आणि तिच्यावर डावीकडून दिघा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल असे ठिपके देतो. नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 ला अस्तित्वात आली. तिचं राज्य दिघ्यापासून बेलापूरपर्यंत. त्यापलीकडे खारघरपासून 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महापालिका. बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, खारघरला रायगड. सिडको या सगळ्यांच्या आधीची, 1970 सालची, आणि मधे एमआयडीसीचा पट्टा. खारघरचा मुलगा पत्त्यात नवी मुंबई लिहितो, मालमत्ता कर पनवेलला भरतो आणि जिल्हा रायगड सांगतो. ‘तर आता सांगा,’ मी म्हणतो, ‘नवी मुंबई महापालिकेच्या फंक्शनचं इंटिग्रल घ्यायचं असेल तर पनवेलपर्यंत जाल का?’ जी मुलं तासभर लिमिटसाठी माझ्या तोंडाकडे बघत होती ती एका सुरात म्हणतात, ‘नाही सर, खाडीच्या अलीकडेच थांबायचं!’ कर कुठे भरायचा याचं ज्ञान उपजत असतं.

आणि हद्दीवर जो राहतो त्याचं काय? याचं उत्तर गणितात फार सुंदर आहे. चौकोनाच्या आत फूरिए इंटिग्रल एक देतं, बाहेर शून्य देतं, आणि बरोबर कडेवर, एक्स बरोबर एक या ठिकाणी, अर्धा देतं. डावीकडची किंमत आणि उजवीकडची किंमत यांची सरासरी. फूरिए सिरीजसाठी हे डिरिक्लेनं 1829 साली पक्कं सिद्ध केलं. मूळ फंक्शनची कडेवर किंमत काय ठेवली होती याला कुणी विचारत नाही. इंटिग्रल आपलं अर्धं हातावर ठेवतं. दोन हद्दींच्या सांध्यावर मी अशी एक गल्ली पाहिली आहे. गाव सांगत नाही. एका बाजूला डांबर, दुसऱ्या बाजूला खडी, आणि मधल्या पट्ट्यावर डांबर आहे असं म्हणणारे व नाही असं म्हणणारे दोघेही बरोबर. तिथल्या रहिवाशांना डिरिक्लेचं प्रमेय शिकवावं लागणार नाही.

पण हे सगळं कागदावरचं. आपल्या शहरात फूरिएचं खरंखुरं काम कुठे होत असेल तर ते पाण्यात. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेला. म्हणून सिडकोनं होल्डिंग पॉन्ड ठेवले. भरती असताना पावसाचं पाणी तिथे साठवायचं आणि ओहोटी लागली की झडपांतून खाडीत सोडायचं. पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की वाशी-नेरूळची माणसं गाडी उंचावर लावायला धावतात. म्हणजे भरती किती वाजता आणि किती मीटरची हे आधी कळायला हवं. आणि ते सांगतो फूरिएचाच हिशोब.

भरतीच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यातून ठरावीक कालावधीच्या लाटा वेगळ्या काढायच्या. ही पद्धत लॉर्ड केल्विनच्या पुढाकारानं एकोणिसाव्या शतकात बसली, आणि भारतातल्या बंदरांच्या भरतीची भाकितं काढायला 1879 साली इंग्लंडमध्ये खास चाकांचं आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं गेलं. या लाटांतली सगळ्यात मोठी चंद्राची, कालावधी 12 तास 25 मिनिटं. तिचं जगन्मान्य नाव एम-टू. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, ‘सर, ती तरी दर बारा तासांनी सुटते!’ दुसरी सूर्याची लाट, एस-टू, बरोबर 12 तासांची. आता या दोन लाटा एकमेकींच्या इतक्या जवळ की थोड्या नोंदींत त्या वेगळ्या ओळखूच येत नाहीत. एक दिवसाच्या नोंदी घेतल्या तर दोन्ही मिळून एकच दिसतात. त्यांना वेगळं करायला निदान 14.77 दिवसांच्या नोंदी लागतात.

आता हे लिमिट कुणी ठरवलं? ना फॉर्म्युल्यानं, ना कुंभोजकरांनी. चंद्र-सूर्यानं ठरवलं. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच. सूत्रात उणे अनंत ते अनंत लिहिलेलं असलं तरी बंदरावरच्या नोंदवहीला एक पहिलं पान असतं आणि एक शेवटचं, आणि त्या दोन पानांत निदान एक पंधरवडा बसला पाहिजे.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात, एका नाखवांना. ते जाळ्याची गाठ मारत बसले होते. संध्याकाळची भरती किती वाजता म्हणून मी मोबाइल काढला, रेंज येईना. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘आज तिथ कंची?’ मी कॅलेंडर आठवून नवमी म्हणालो. ‘पावणेसात,’ ते म्हणाले आणि पुढची गाठ मारली. कोकण किनाऱ्यावर सगळीकडे चालणारा हा हिशोब: तिथीचे तीन चतुर्थांश केले की भरतीची वेळ. नव्वं पाऊण, पावणेसात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दर तिथीला भरती पाऊण तास पुढे सरकते असं धरलेलं. खरी ती पन्नासेक मिनिटं सरकते, म्हणून पक्ष संपता संपता हिशोब थोडा मागे पडतो, पण होडी काही मिनिटांवर सुटत नसते. आणि लिमिट बघा! खाली प्रतिपदा, वर पौर्णिमा किंवा अमावास्या, मग पुन्हा पहिल्यापासून. एका पंधरवड्याचा पट्टा. त्याच्या बाहेर इंटिग्रेट करायची या माणसाला कधी गरज पडली नाही आणि ‘क्लिअरली’ म्हणायचीही नाही.

वरचं लिमिट कशानं पडेल याचा नेम नसतो हे मात्र खरं. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. एक्स्प्रेसवेच्या घाईत तिच्याजवळून जाणाऱ्या बहुतेकांना ती कसली ते ठाऊक नसतं. तिचं मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक चढउतार तिथे 1840 च्या दशकापासून नोंदले जात होते. 1859 च्या सप्टेंबरमधलं प्रसिद्ध सौरवादळ त्या नोंदींत सापडतं. या चढउतारांत चोवीस तासांची, बारा तासांची, आठ तासांची अशा लाटा शोधायच्या, म्हणजे पुन्हा फूरिएच, आणि तेही हातानं, कागदावर, कॅल्क्युलेटर नसताना. ज्यांना एक्स कोसाइन एक्सचं बाय पार्ट्स करताना घाम फुटतो त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

अशा नोंदी खरं तर जितक्या लांब तितक्या चांगल्या. उणे अनंतापासून नाही, पण 1846 पासून तरी होत्या, पुढे अनंतापर्यंत चालल्या असत्या. आडवी आली ट्राम. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं, आणि विजेची ट्राम जवळून गेली की चुंबकाची सुई पृथ्वीचं ऐकायची सोडून ट्रामचं ऐकणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी मग खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. लोखंड टाळून इमारत बांधली, 1904 पासून तिथे नोंदी सुरू केल्या, आणि 1906 पर्यंत कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे सांधा जुळावा. विजेच्या ट्राम 1907 मध्ये धावल्या. मूस यांनी 1910 साली कुलाब्याच्या नोंदी दोन खंडांत छापल्या, 1846 ते 1905. झालं, हे खालचं लिमिट आणि हे वरचं. हद्दीवर अर्धं-अर्धं न घेता दोन्ही बाजूंनी पूर्ण मोजणारा माणूस म्हणून मूस मला फार मोठे वाटतात. डांबराचं खातं त्यांच्याकडे असायला हवं होतं.

आता राहिलं बाहेरचं इंटिग्रल. इथे अतिशहाणे पडतात. फूरिए इंटिग्रलमध्ये दोन इंटिग्रलं असतात, आतलं टी या चलाचं आणि बाहेरचं लॅम्डाचं. आतल्याला चौकोन बघून कापायला शिकवलं की हुशार मुलांच्या हाताला कापायची सवय लागते आणि ती बाहेरचंही शून्य ते एक करून टाकतात. ‘सर, फंक्शन एकपर्यंतच आहे ना?’ फंक्शन आहे रे एकपर्यंत, लॅम्डा नाही! टी म्हणजे जागा. लॅम्डा म्हणजे किती वेगानं हलणारी लाट. चौकोनाच्या कडा धारदार असतात, आणि अशी धार उभी करायला अतिशय वेगवान लाटाही लागतात, अगदी अनंतापर्यंतच्या. त्या कुठेही तोडा, कडेजवळ उत्तर उसळतं: उडीच्या सुमारे 9 टक्के वर. लिमिट शंभर करा, हजार करा, उसळी कडेला आणखी चिकटते, पण 9 टक्क्यांच्या खाली येत नाही. याला गिब्जचं नाव मिळालं, 1899 साली त्यानं लिहिलं म्हणून. वास्तविक विल्ब्रहॅम नावाच्या इंग्रजानं हे 1848 मध्येच दाखवून ठेवलं होतं. तो विसरला गेला. त्याचा पेपर बहुधा झेरॉक्सवाल्याकडे नव्हता.

लॅम्डा तोडल्यावर काय होतं ते माझ्या पिढीनं कानांनी अनुभवलंय. जुन्या टेलिफोनच्या लाइनीवरून आवाजातल्या साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतच्याच लाटा जायच्या, वरच्या कापल्या जायच्या. माणूस ओळखू यायचा, बोलणं कळायचं, पण एफ आणि एस या दोन अक्षरांतला फरक त्या कापलेल्या भागातच असायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं शंका विचारायला फोन करायची, आणि फूरिए ट्रान्सफॉर्ममध्ये मूळ फंक्शनचं नाव एफ, नव्या चलाचं नाव एस, आणि उत्तराचं नाव एफ ऑफ एस!

‘सर, इंटिग्रल एफचं घ्यायचं की एसचं?’

‘एफचं.’

‘एसचं?’

‘एफ! एफ फॉर फणस!’

‘सर, सणस?’

पलीकडे मुलगा, मधे 3400 हर्ट्झ. त्याला केटी लागली त्यात त्याचा दोष निम्माच होता. कडेवरचं नेहमीचं उत्तर. आता व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो येतो, तोही अंधारात काढलेला, अंगठ्यासकट, आणि अंगठा नेमका लिमिटवर.

पालकही अधूनमधून येतात. मागे एक वडील आले, म्हणाले, ‘सर, सहा महिने झाले, एकाच चॅप्टरला अडकलाय. याला काही लिमिट?’ मी म्हटलं, तेच शिकवतोय.

तर या सत्रात पेपरला बसणाऱ्या सगळ्यांना सांगणं एवढंच. प्रश्न वाचला की फॉर्म्युल्याआधी आकृती काढा, कच्ची चालेल, पट्टी शोधत बसू नका. फंक्शन जिथे शून्य नाही तेवढा भाग रंगवा, आतल्या इंटिग्रलची लिमिटं त्या भागाच्या दोन कडा. मधे व्याख्या बदलत असेल तर तिथे तोडा. मॉड्युलसच्या काठ्या दिसल्याशिवाय दुप्पट करू नका. बाहेरच्या शून्य ते इन्फिनिटीला हात लावू नका. चौकोनाच्या गणितात साइन लॅम्डा कोसाइन लॅम्डा एक्स भागिले लॅम्डा याच्या इंटिग्रलची किंमत एक्स बरोबर एकला विचारली तर पाय भागिले चार लिहा आणि खाली कारणही लिहा, त्याचा मार्क वेगळा असतो. आणि पुरवणी घेतलीत तर दोरा घट्ट बांधा.